ओरिहाची नजर

हागिवाराबाईंबद्दल एक पान लिहून द्या, म्हणून ऑफिसातली माकिता दोन महिने माझ्या मागे लागली होती. कंपनीला पन्नास वर्षं होतायत, पुस्तिका निघणार, त्यात जुन्या माणसांची ओळख हवी. "उन्नो-सान, बावीस वर्षं तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात. तुम्ही नाही लिहिणार तर कोण?" दिलं बुवा लिहून एक पान. कधी लागल्या, काय काय रंगवलं, किती निगुतीने काम करायच्या वगैरे. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तो वाचून बाईंची म्हणाल तर काडीचीही ओळख होत नाही. हे दुसरं पान मी माझ्यापुरतं लिहितोय. कामाचा कंटाळा तर कधीचाच आलाय, पण ही गोष्ट मनात घेऊन बसायचाही आता कंटाळा आलाय.

मी घासतो. माझा धंदा एवढाच. शिझुओका शहरात प्रतिकृती बनवणाऱ्या कंपन्या ढीगभर, त्यातली आमची एक लहानशी. आम्ही अंतराळयानं करतो, यंत्रमानव करतो, आणि ती चालवणाऱ्या पोरापोरींच्या वीतभर उंचीच्या मूर्ती करतो. मूर्तिकार पहिली मूर्ती घडवतो, तिचे रेझिनचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात. मी ते जोडतो, सांध्यांत पुट्टी भरतो आणि घासत बसतो. आधी चारशे नंबरचा कागद, मग सहाशे, मग आठशे, मग हजार, पाण्यात बुडवून बुडवून. सांधा कुठे होता हे कुणाला सापडलं नाही की माझं काम झालं. एकतीस वर्षं हेच. बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात, माझा स्वतःचा फोन मला ओळखत नाही.

घासून झालं की ती करडी, गुळगुळीत मूर्ती मी उजवीकडे सरकवायचो. उजवीकडे हागिवाराबाई बसायच्या. त्या रंगवायच्या.

त्यांनी रंगवलेली मूर्ती म्हणजे नमुना. तो समुद्रापलीकडच्या कारखान्यात जायचा. तिथल्या मुली तो समोर ठेवून हजारोंनी तसंच्या तसं रंगवतात, डोळ्यांचा तर ठसाच बनवतात. आणि तसंच्या तसं म्हणजे अगदी तसंच बरं का. बाई यायच्या आधीची गोष्ट. एका यंत्रमानवाच्या नमुन्यावर, खांद्यापाशी, ब्रशचा एक केस चिकटून राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही. सहा हजार यंत्रमानव तयार होऊन आले, प्रत्येकाच्या खांद्यावर केसाएवढी रेघ. त्या बिचाऱ्या पोरींनी सहा हजार रेघा ब्रशने ओढल्या होत्या! वर शौकीन लोकांची पत्रं आली, ही जखम कुठल्या लढाईतली म्हणून. आता बोला.

तेव्हा आमचे थोरले मालक ओइशी यांनी नियम घातला. रंगवणाऱ्याने तपासायचं नाही, तपासणाऱ्याने रंगवायचं नाही. नमुन्याच्या पायाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर दोन शिक्के, एक रंगवणाऱ्याचा, एक बघणाऱ्याचा. दोन्ही असल्याशिवाय नमुना जिना उतरणार नाही. बघणारा म्हणून त्यांनी मला नेमलं, कारण मला रंगातलं ओ की ठो कळत नाही. "कळणारा माणूस सांभाळून घेतो," म्हातारबुवा म्हणायचे. "तू नुसतं बघ."

बघायचं आरशात. सरळ बघितलं तर आपलंच मन चूक झाकून टाकतं. म्हणून मूर्तीकडे पाठ करायची, हातातला आरसा खांद्यावर धरायचा आणि त्यात बघायचं. मग मूर्ती उलटी धरून पुन्हा एकदा. काही वाकडं असेल तर ते लगेच डोळ्यात सलतं. त्यानंतर दोनच शब्द, 'ठीक आहे' किंवा 'नाही'. कुठे चुकलं ते सांगायचं नाही. ते रंगवणाऱ्याने हुडकायचं.

हागिवारा सोनोए यांचं माहेर बाहुल्यांचं. मार्चमधल्या मुलींच्या सणाला घरोघर राजाराणीच्या बाहुल्या मांडतात ना, त्या त्यांच्या घरी व्हायच्या. वडील धडं करायचे, आई रेशमी कपडे चढवायची, आणि सोनोए पंधराव्या वर्षापासून भुवया काढायची. मग घरं लहान झाली, घरातल्या पोरी कमी झाल्या, सात पायऱ्यांची मांडामांड करायला कुणाला जागा नाही की वेळ नाही. दुकान बंद पडलं. नवरा तर आधीच गेलेला, मुलगी हामामात्सुला दिलेली. पंचेचाळीसाव्या वर्षी बाई आमच्या जिन्याने वर आल्या. मी तेव्हा एक्केचाळीसचा.

ओइशींनी पहिल्या दिवशी त्यांच्या हातात एका यानचालक पोरीचं डोकं दिलं. निम्मा चेहरा डोळ्यांनीच व्यापलेला. बाईंनी ते इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"हिला काय झालंय? घाबरलीये का?"

"नाही नाही, या अशाच असतात," मी म्हणालो.

"बाई गं! पापण्या मिटेपर्यंत संध्याकाळ होत असेल हिची."

पण दुपारपर्यंत त्या डोक्याला डोळे आले, आणि मी आरशात बघितलं तेव्हा माझ्या पाठीमागे खरंच कुणीतरी बसलंय असं वाटून मी दचकलो. तरी 'नाही' म्हणालो, कारण उजव्या डोळ्यातला पांढरा ठिपका जरा वर गेला होता. नवीन बाई, पहिलाच दिवस, वाटलं आता रडते की काय. कसलं काय! चिंधी थिनरमध्ये बुडवली, डोळा पुसला आणि पुन्हा बसल्या.

त्यांची एक रीत होती. दोन डोळ्यांतला जो अवघड, हाताला न येणारा, तो आधी. "सोपा आधी केला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो," म्हणायच्या, "मग अवघड चुकला तरी पुसवत नाही." ब्रश टेकवायच्या आधी श्वास पूर्ण सोडायच्या, आणि तो सोडलेला असेपर्यंतच रेघ ओढायच्या. बावीस वर्षं मी शेजारी बसून त्या श्वासाबरोबर माझं घासणं थांबवत आलो. टेबल हलायला नको. अजूनही मधेच माझा हात थांबतो, शेजारी कुणी नसलं तरी.

आणि जीभ! ती ब्रशपेक्षा बारीक.

"नाही," मी म्हणायचो.

"काय नाही?"

"नाही म्हणजे नाही, हागिवारा-सान."

"आधी तुझ्या चष्म्यावर पुट्टी चढलीये ती पूस. उंटावरचा शहाणा!"

बडबड करत पुसायच्या, पुन्हा काढायच्या. दोनदा, तीनदा, कधी सहादा. शेवटी मी 'ठीक आहे' म्हणालो की शिक्का उचलायच्या आणि म्हणायच्या, "मघाशीच म्हणाला असतास तर जीभ झडली असती का?" पण कधी पहिल्याच खेपेला 'ठीक आहे' म्हटलं तर त्यांना चालायचं नाही. "एवढ्यात? नीट बघितलंस का? बस खाली, पुन्हा बघ." शुक्रवारी खालच्या दुकानातून काळ्या रश्शात शिजवलेले, काडीला टोचलेले तुकडे आणायच्या, त्यातली मासळीची वडी माझ्या वाटीत टाकायच्या. आठवड्यात मी जितक्या वेळा 'नाही' म्हटलं असेल तितक्या वड्या. ही त्यांची गंमत.

एकदा मे महिन्यातल्या प्रदर्शनात ओसाकाचा एक गृहस्थ बाईंसमोर कंबरेत वाकला आणि म्हणाला, तुमच्या पोरी आता बोलतील असं वाटतं. बाईंनी वाकून आभार मानले. परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "काय, आज मजा आहे बुवा."

"त्याचं सोड. तो शेजारच्या टेबलावरही हेच म्हणाला," बाई म्हणाल्या. "तू मंगळवारी चारदा नाही म्हणालास आणि मग ठीक म्हणालास. ते मला बरं वाटलं होतं."

एवढं कधी त्या बोलल्या नव्हत्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

गेल्या वर्षी माकिता जिना चढून वर आली. चौतिशीची मुलगी, आता सगळं तीच बघते. वागायला चांगली आहे. म्हणाली, पुढच्या वर्षापासून डोळे संगणकावर काढायचे, हाताने नाही. बाई म्हणाल्या, "बरं झालं, माझी मान तरी वाचेल." मग विचारलं, "आणि ओरिहा?"

"ओरिहा तुम्हीच करा, हागिवारा-सान. ती दुसऱ्या कुणाला जमायची नाही."

ओरिहा म्हणजे एका अंतराळाच्या मालिकेतली यानचालक. तिचा ग्रह मागे जळतोय आणि ती यानाच्या शिडीवर पाय ठेवून खांद्यावरून मागे बघते, तो क्षण. मान एवढी वळलेली, तरी बुबुळं आणखी कोपऱ्यात. दोन्ही डोळ्यांनी एकच, लांबची जागा बघायला हवी. केसभर चुकलं तर पोरगी तिरळी. बावीस वर्षांतलं सगळ्यात अवघड काम, आणि तेच शेवटचं.

पण त्या हिवाळ्यापासून मला वेगळंच दिसत होतं. बाई चहा ओतायच्या तो कपाच्या कडेवर. बाटलीचं झाकण बाटलीशेजारी लावू बघायच्या. मान एका बाजूला कलती करून काम करायच्या.

"डोळे दाखवलेत का?" मी विचारलं.

"दाखवले."

"मग?"

"डॉक्टर म्हणाला छान आहेत. घारे असते तर लग्नच केलं असतं म्हणाला."

मी हसलो नाही. तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. "उजव्या डोळ्याच्या मधोमध पाण्यासारखं हलतं. सरळ रेघ वाकडी दिसते. बरं व्हायचं नाही म्हणतात. डाव्याने भागतं." मग म्हणाल्या, "आणि तू आहेस ना बघायला. माकिताला बोललास तर याद राख."

नाही बोललो. तेवढं मी पाळलं.

सप्टेंबरात ओरिहा माझ्या टेबलावरून त्यांच्या टेबलावर गेली. अंग, कपडे, शिडीवरची काजळी, सगळं त्यांनी आठवड्यात उरकलं. काजळी तर अशी की हात लावला तर बोट काळं होईल. मग सोमवारी डोळे सुरू केले. सोमवारी मी दोनदा 'नाही' म्हणालो. मंगळवारी दोनदा. बुधवारी एकदा, गुरुवारी एकदा, कारण एकेक डोळ्याला आता पूर्वीच्या तिप्पट वेळ लागत होता. बाईंची बडबड मंगळवारीच थांबली. थिनरने बोटांची टोकं फुटली होती, त्यांना पट्ट्या लावलेल्या. शुक्रवारी सकाळी सातव्यांदा 'नाही' म्हणालो. नमुना न्यायला गाडी चार वाजता येणार होती. जेवणाच्या सुट्टीत भाताचा गोळा डब्यात तसाच राहिला.

तीन वाजता बाई म्हणाल्या, "बघ."

माझ्या कंबरेचा काटा त्या आठवड्यात ढिला झाला होता, वर सहा यानांचे पंख घासायचे पडलेले. मी पाठ केली, आरसा खांद्यावर धरला. डावं बुबुळ खाली होतं. अगदी केसभर. एका डोळ्याने पोरगी जळत्या ग्रहाकडे बघत होती आणि दुसऱ्याने माझ्या कोपराकडे.

"काय?" बाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "सांग ना रे."

बावीस वर्षांत त्या असं बोलल्या नव्हत्या. मी आरसा खाली ठेवला आणि म्हणालो, "ठीक आहे."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

खोटं कशाला बोलू, दया अर्धीच होती. उरलेला अर्धा कंटाळा होता. त्यांनी आणखी एकदा पुसायचं, मी आणखी तीन तास श्वास धरून बसायचं, आणखी एकदा तो आरसा उचलायचा, हे माझ्या जिवावर आलं होतं. वाटलं, जाऊ दे ना, एवढं बारीक कोण बघतो? एकतीस वर्षं तेवढंच बारीक बघायचा पगार घेत आलेला मी, आणि मला असं वाटलं. मी शिक्का मारला. बाईंनी त्यांचा मारला. गाडी चारला आली.

त्यानंतर बाई आठवड्यातून दोन दिवस येऊ लागल्या, यानांवर धूळकाजळी मारायला. खुशीत असायच्या. "ओरिहा आली का परत?" म्हणून विचारायच्या. मी म्हणायचो, "येईल."

नोव्हेंबरात आली. चाचणीच्या बारा मूर्ती. माकिताने खोकं वर आमच्याच खोलीत आणलं, बाईंसमोर उघडायचं म्हणून. एकेक काढून टेबलावर ओळीने मांडली. बाराच्या बारा जणी खांद्यावरून वळून दोन-दोन ठिकाणी बघत होत्या. एक असती तर सुटलीही असती. बारा एका ओळीत म्हटल्यावर आंधळ्यालाही कळावं. माकिताला आधी हसूच फुटलं, मग तिने तोंडावर हात ठेवला.

"ठसा चुकला वाटतं तिकडे," ती म्हणाली. "नमुना बघू या का?"

नमुना त्याच खोक्यात होता. बाईंनी तो उचलला, उजव्या डोळ्यापुढे धरला, काही दिसेना. मग डाव्या डोळ्याजवळ, अगदी पापणीला लागेल इतका जवळ नेला. बराच वेळ तसाच धरून होत्या. मग त्यांनी पायाची चिठ्ठी उलटी केली आणि माझा शिक्का बघितला.

"उन्नो, आरशात बघितलं होतंस?"

"हो."

"दिसलं नाही?"

'नाही दिसलं' म्हणायची सोय होती. म्हातारा झालो, नजर गेली, संपलं. बाईंनी दोन शिव्या हासडल्या असत्या आणि आम्ही दोघं मिळून हसलो असतो. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला आणखी एक खोटं पेलण्याचं बळ नव्हतं.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

माकिता जिन्याकडे सरकली. शहाणी मुलगी.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"असं कधीपासून चाललंय?"

"हागिवारा-सान, एवढा एकच. शपथ घेतो. यापूर्वी कधीही नाही."

"हे तुम्ही म्हणताय," बाई म्हणाल्या.

बावीस वर्षं मला अरे-तुरे करणारी बाई. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

नुकसान म्हणाल तर कवडीचं झालं नाही. खरी बॅच निघायचीच होती. संगणकावर बसणाऱ्या पोराने अर्ध्या तासात बुबुळ वर सरकवलं, नवा ठसा झाला, ओरिहा वेळेवर बाजारात आली आणि संपलीही. इकडे पाच दिवस नि फुटलेली बोटं, आणि तिकडे अर्धा तास. बाईंनी दुसऱ्याच दिवशी ब्रश आवरले. निरोपाचं जेवण नको म्हणाल्या.

मी संत्री घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला आत घेतलं नाही, बूट काढायच्या पायरीवरच उभं ठेवलं.

"तो निळ्या शिरस्त्राणाचा कप्तान," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिल्या खेपेला ठीक म्हणाला होतात."

"ठीकच होता तो."

"जुळ्या बहिणी? माझी आई गेली त्या आठवड्यात केल्या होत्या. तेव्हा तुम्ही एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत."

"चांगल्या झाल्या होत्या म्हणून 'नाही' म्हणालो नाही."

"की आई गेली म्हणून?"

"अहो, चांगल्या झाल्या होत्या!"

"ते मला कसं कळणार?" बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, खरंच विचारत होत्या. "बावीस वर्षं मला कुणी चांगलं म्हटलं, वाईट म्हटलं, मी कानाआड केलं. म्हटलं, उन्नोने ठीक म्हटलंय ना, मग झालं. आता सांगा, मला रंगवता येत होतं की नाही? कुणाला विचारू?"

संत्री पायरीवर ठेवली आणि आलो.

मग बाईंनीच रस्ता काढला. कंपनीत आल्या, वर आल्या नाहीत, खाली माकिताकडे गेल्या. साठवणीच्या खोलीत त्यांचे जुने नमुने पडून होते, ते सगळे काढायला लावले. म्हणाल्या, "मी कोण ते विसरा. परकी बाई समजा आणि आरशात बघा. एकेक." माकिताला कामं का थोडी असतात? तरी तीन आठवडे रोज दुपारी ती आरसा घेऊन बसली आणि बाई समोर वही घेऊन. मी वर घासत असायचो. खालून काही ऐकू येत नव्हतं, पण माझं कुठल्या कामात लक्ष नव्हतं. एका यानाचा पंख घासून घासून आरपार केला.

रविवारी अकराला घरी या, असा निरोप माकितामार्फत आला. यावेळी बाईंनी आत बसवलं. चहा दिला, पाहुण्यांच्या कपात, बशीवर ठेवून. मेजावर एकच मूर्ती होती, लाल यानाखाली पान्हा घेऊन बसलेली दुरुस्तीवाली पोर. नऊ वर्षांपूर्वीची.

"ओरिहा सोडून एकशे सेहेचाळीस होते," बाई म्हणाल्या. "एकशे पंचेचाळीस बरोबर निघाले."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. "मी म्हणत होतो ना!" म्हणालो.

"ही एक राहिली. डाव्या डोळ्यात आहे म्हणते माकिता. मला काही दिसत नाही, डाव्यालाही आता धुरकट दिसतं." त्यांनी आरसा माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही दाखवा. कुठे आहे आणि तेव्हा का बोलला नाहीत, तेवढं सांगा. मला राग नाही. फक्त कळलं म्हणजे झालं."

मला ती पोर पक्की आठवत होती. तिच्यावर मी पाचदा 'नाही' म्हणालो होतो. मी पाठ केली, आरशात बघितलं. मग उलटी धरली. मग खिडकीपाशी नेली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. काही नाही. डावा डोळा जिथे हवा तिथेच, ठिपका जिथे हवा तिथेच. माकिताची नजर तरुण, तिला माझ्यापेक्षा बारीक दिसत असेल. किंवा तीन आठवडे बघून बघून तिचेच डोळे शिणले असतील. देव जाणे. मला मात्र नऊ वर्षांपूर्वी काही दिसलं नव्हतं आणि आजही दिसत नव्हतं.

बाई वाट बघत होत्या. मनात आलं, ठेवावं कुठेतरी बोट. 'हे बघा, इथे आहे, तेव्हा मी दमलो होतो, माफ करा.' तेवढं म्हटलं असतं तर त्यांना पटलं असतं आणि बाकीचे एकशे पंचेचाळीस कायमचे त्यांचे झाले असते. पण पुन्हा त्या डोळ्यांबद्दल खोटं माझ्याने बोलवेना.

"मला काही दिसत नाही, हागिवारा-सान."

"नीट बघा."

"बघितलं. चांगली आहे. काही चूक नाही हिच्यात."

बाईंनी मूर्ती माझ्या हातातून घेतली, मऊ कागदात गुंडाळली आणि डब्यात ठेवली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर वाकल्या.

"तुम्ही फार चांगले आहात, उन्नो-सान. अजूनही सांभाळून घेता," त्या म्हणाल्या, आणि मला दारापर्यंत सोडायला उठल्या.